गोधडीचे अस्तर

गोधडी पाहावयास घेतली म्हणजे सर्वांची दृष्टी तिच्या दर्शनी बाजूवर जाते. अमक्या लुगड्याचा काठ कोठे बसविला, तमक्या झग्याचा तुकडा कोणत्या कोपऱ्यात आला, याची कौतुकाने चर्चा होते. परंतु जो मनुष्य ती पांघरून निजतो त्याच्या अंगास रात्रभर लागते ते तिचे अस्तर. त्याची वास्तपुस्त मात्र कोणी करीत नाही. गेल्या काही वर्षांत या अस्तराची आमच्या जिल्ह्यातील घरोघरी पंचाईत होऊन बसली आहे, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

पूर्वी ही पंचाईत नव्हती. नगर, भिंगार, पाथर्डी, संगमनेर येथील मागांवर सुती लुगडी विणली जात. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनी सुधारलेला हातमाग तयार केला तोही नगर येथेच. नऊवारी लुगडे नेसून, धुऊन, नदीच्या दगडावर आपटून लोण्यासारखे मऊ झाले की त्याचे दोनतीन पाट जोडून गोधडीचे अस्तर होई. आजोबांचे धोतर विटले की तेही त्याच कामी लागे. आता घरची पेटी उघडून पाहावी. कृत्रिम धाग्याच्या साड्यांचा ढीग निघेल. त्या फाटत नाहीत, विटत नाहीत, पण घाम टिपत नाहीत आणि अंगावर घेतल्या की प्रथम गारच लागतात. शिवताना त्या हाताखालून अशा निसटतात की धावदोऱ्याची ओळ सरळ येणे कठीण.

अशा वेळी आम्ही फलालीनच्या चादरीकडे वळलो. फलालीन हे मूळचे वेल्स देशातील लोकरीचे कापड. पुढे तशीच लव सुती कापडावर उठवू लागले. तारांच्या बारीक कुंच्यांनी कापडाचे तंतू उकलून ती लव काढतात. त्या लवेत हवा अडकून राहते, आणि स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे अंगाची ऊब बाहेर जात नाही, हे आमच्या विज्ञानाच्या वर्गातील मुले सांगतीलच. एकेरी चादर साधारणपणे ६० इंच रुंद व ९० इंच लांब असते. तेवढ्यात मोठ्या माणसाच्या गोधडीचे अस्तर मध्ये जोड न देता निघते. अरुंद पन्ह्याचे फलालीन वारावर घेऊन जोडीत बसण्यापेक्षा हे बहुधा स्वस्त पडते. घरात वापरलेली चादर असल्यास फारच उत्तम. ती मध्यभागी विरली असेल तर मधोमध उभी कापावी, दोन्ही शाबूत कडा आत आणून जोडाव्या आणि विरलेला भाग कडेस न्यावा.

गेल्या वर्षी पालकसभेस आलेल्या पाथर्डी भागातील एका आजींनी मात्र आम्हांस चांगलेच धारेवर धरले. "बाई, नवं कापड इकत आणून कुठं गोधडी शिवत्यात का? मग ती गोधडी कशाची?" आजींचे म्हणणे अर्धे खरे आहे. गोधडीचा जन्मच जुन्यातून होतो. परंतु आतील चिंध्या कधी आधी झिजत नाहीत. झिजतात वरचा व खालचा पदर. एक धड अस्तर मिळाले तर आतील आठदहा जुनी वस्त्रे आणखी पुष्कळ वर्षे टिकतात. असे आम्ही सांगितल्यावर आजींनी चादर चिमटीत धरून पाहिली व म्हणाल्या, "ऊब हाय, पर भिजल्यावर उचलंल का कुणी?" हा आक्षेप आम्हांस पूर्ण मान्य करावा लागला. फलालीन पाणी फार धरते. म्हणून अस्तर फलालीनचे असेल तेव्हा आतील एकदोन थर कमी घालावे; ऊब कमी होत नाही.

दुसरी गोष्ट आटण्याची. नवी फलालीन धुतल्यावर ९० इंचांत चारपाच इंच सहज आटते. जुने लुगडे शंभर वेळा धुतलेले, त्याचे आटणे केव्हाच संपलेले. त्यामुळे आपल्या आज्यांना ही काळजी कधी करावीच लागली नाही. नवी चादर मात्र कोमट पाण्यात दोनदा धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच जमिनीवर ताणून अंथरावी. नाही तर पहिल्या धुण्यातच अस्तर आकसते व वरचा पदर फुगून सुरकुततो. टाकाही थोडा लांब व दोरा जाड घ्यावा, कारण बारीक टाका लवेत बुडून दिसेनासा होतो.

आता जे सांगावयाचे ते सर्वांत महत्त्वाचे. आमच्या वर्गातील काही मुले दिवाळी झाली की दिसेनाशी होतात. पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांतील त्यांचे आईबाप ऊसतोडीस निघतात. काही मुले आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात. तेथे पाचटाची कोपी, शेजारी चूल, आणि पौषातील पहाटेची ती हाडे फोडणारी थंडी. गोधडी हीच त्यांची भिंत. पण सुती लवेवर ठिणगी पडली तर ज्वाळा पृष्ठभागावरून क्षणात धावते. साध्या घट्ट विणीच्या सुती कापडापेक्षा हा धोका पुष्कळ अधिक. तेव्हा कोपीत न्यावयाच्या, किंवा चुलीपाशी, शेकोटीपाशी निजणाऱ्या लेकराच्या गोधडीस फलालीन मुळीच लावू नये. तेथे जुने सुती धोतर किंवा जाडाभरडा मांजरपाटच बरा, मग ऊब थोडी कमी का असेना. वसतिगृहात किंवा पक्क्या घरात राहणाऱ्या मुलाबरोबर फलालीनची गोधडी खुशाल द्यावी. त्याची आई जवळ नसते. अंगाशी काहीतरी मऊ असावे, असे आम्हांस वाटते.

सहा फुटी गोधडी शिवली तर आटून उरलेल्या चादरीतून सुमारे बारा इंचांचा एक पट्टा निघतो. तो टाकू नये. त्याच्या चार पट्ट्या कापाव्या व जेथवर पुरतील तेथवर गोट म्हणून कडांवरून दुमडून लावाव्या. आरंभ डोक्याकडील कडेपासून करावा, कारण निजताना मुले तीच मुठीत धरतात आणि गोधडी तेथेच प्रथम फाटते.