हट्टकरांचा नकाशा

इथल्या थंडीत, जुलैच्या शाळेच्या सुट्टीत, आमचा नऊ वर्षांचा नातू आठवडाभर आमच्याकडे लोअर हटला राहायला आला होता. बाहेर गार वारा आणि संततधार पाऊस. टीव्ही बंद केल्यावर मुलाने करायचे काय? त्यानेच तोड काढली, "आजी, आपण एका खोट्या देशाचा नकाशा काढू."

हा नाद या देशाला नवा नाही. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वरचे चित्रपट (२००१ ते २००३) इथेच तयार झाले व त्यांतले नकाशे वेलिंग्टनकडचे सुलेखनकार डॅनियल रीव्ह यांनी काढले. मूळ ग्रंथातले (१९५४-५५) नकाशे लेखकाचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांच्या हातचे. आधी नकाशा आणि मग त्याला जुळेल अशी गोष्ट, ही टॉल्किन यांची रीत.

जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. वॉर्डात जन्मभर तापाचे तक्ते भरल्यामुळे आमचा हात अजून स्थिर आहे. नातवाने डोंगर काढले आणि नदी अशी काढली की ती मध्येच फुटून दोन समुद्रांना मिळाली. आम्ही म्हटले, "बाळा, नद्या एकमेकींना येऊन मिळतात. फाटे फुटले तर ते मुखाशी, गाळ साचून." त्याला पटेना. तेव्हा एक कागद चुरगळून अर्धवट उलगडला व त्यावर शाईचे पाणी शिंपडले. ओघळ एकत्र होत खाली गेले. पटले!

मग रान कुठे आणि माळ कुठे? इथे पश्चिमेचा वारा डोंगरांवर अडतो. म्हणून मिलफर्ड साउंडला वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर डोंगरापलीकडे अलेक्झांड्राला चारशेही नाही. आमच्या कोकणाचे आणि देशाचे तेच, मध्ये सह्याद्री. हे सांगताना आम्हाला आमची तिसरीची भूगोलाची बाई आठवली.

शेवटी गावे. नातवाने इंग्रजी अक्षरांत भराभर लिहिले: नवगाव, किहीम, अष्टमी, रेवदंडा. आमचा ऊर भरून आला. पण तो म्हणाला, "तुझ्या गोष्टीतली गावे. जहाज फुटते, सात जोडपी वाचतात, ती. तूच बनवलीस ना?"

आमच्याने बोलवेना. चूक त्याची नव्हती. त्याचे वडील इथले, आडनावही इथलेच. पेणकर, किहीमकर, अष्टमकर ही आडनावे म्हणजेच आपल्या पूर्वजांचा नकाशा. तो त्याच्या नावात नाही, आणि आम्ही कधी काढून दाखवला नाही.

दुसरा कागद घेतला. तिसरीत रंगवलेला कुलाबा जिल्हा आठवून काढला. अलिबाग, वर नवगाव आणि किहीम, खाली रेवदंड्याची खाडी, तिला मिळणारी कुंडलिका, कुंडलिकेवर रोह्यासमोर अष्टमी. जिल्ह्याचे ते नावही १९८१ साली बदलून रायगड झाले. नातू बोट फिरवीत बसला. मग हळूच म्हणाला, "आजी, मग मी कुठला कर?"

"तू हटला जन्मलास, आणि हट्टही तुझा मोठा. तू हट्टकर!"

तो खोखो हसला. खोट्या देशाच्या नदीमुखाशी त्याने 'हट्टकर' नावाचे गाव वसवले. आता दोन्ही नकाशे आमच्या फ्रिजवर शेजारी शेजारी आहेत, आणि खरा कोणता हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.

वाचक बंधुभगिनींनो, तुमच्या गावाची खाडी, विहीर, तेलाचा घाणा, सिनेगॉगची वाट आठवत असेल तर एका कागदावर काढून नातवंडांच्या हाती द्या. रेघा वाकड्या आल्या तरी चालतील. आपण आहोत तोवरच हे काढणारे कोणी आहे.