मुरमाच्या मैदानावरची टिपणं

23 जुलै 2017 रोजी मुंबईत इंडियन सुपर लीगचा ड्राफ्ट झाला. दहा संघ बसले होते. जमशेदपूरचा संघ नवा होता आणि पहिली निवड त्याची होती. त्यांनी नाव घेतलं अनस एडथोडिकाचं. केरळचा हा बचावपटू, किंमत 1 कोटी 10 लाख. दोनच वर्षांपूर्वी, 2015च्या लिलावात, दिल्लीने याच अनसला 41 लाखांत घेतलं होतं. त्या लिलावात सुनील छेत्री 1 कोटी 20 लाखांना मुंबईकडे गेला होता आणि सगळ्यांच्या तोंडी त्याचंच नाव होतं.

मधल्या दोन वर्षांत अनस नवं काय शिकला? माझ्या मते फारसं काही नाही. तो तेव्हा तिशीत होता. त्याआधी मुंबई एफसी आणि पुणे एफसीकडून तो कितीतरी वर्षं हेच काम करत होता: समोरच्या फॉरवर्डला वळू द्यायचं नाही, चेंडू हवेत असला की आपण आधी उडायचं. मार्च 2017मध्ये तो पहिल्यांदा भारताच्या राष्ट्रीय संघातून खेळला आणि चार महिन्यांत त्याचा भाव कुठल्या कुठे गेला. महाराष्ट्राच्या मैदानांवर तो आठेक वर्षं होता, तेव्हा त्याला कोणी कोटीचा खेळाडू म्हटलं नाही.

परभणी जिल्ह्यातल्या पूर्णेत पोरांना फुटबॉल शिकवताना मी ड्राफ्टची ही जुनी यादी पुन्हा पुन्हा वाचतो, ती यासाठी.

●

ड्राफ्ट आणि लिलाव यांत आपल्याकडे गल्लत होते. लिलावात बोली चढते. ड्राफ्टमध्ये खेळाडूची रक्कम आधीच ठरलेली असते, संघ फक्त पाळीपाळीने नावं उचलतात. जुलै 2014मध्ये लीग सुरू होण्याआधी झालेल्या पहिल्या ड्राफ्टमध्ये 14 फेऱ्यांत 84 भारतीय खेळाडू उचलले गेले. 2017नंतर ही पद्धत बंद झाली. आता संघ थेट करार करतात. मध्ये एजंट असतात, अकादमी असतात, ओळखी असतात.

मला ड्राफ्ट आवडायचा. त्यात निदान एक यादी असायची, आणि ज्याचं नाव यादीत होतं ते दहाही संघांना एकाच दिवशी वाचावं लागायचं. आता वाचणारा कोण आणि यादी कुठे, हे लहान गावातल्या पोराला कळायला मार्ग नाही.

●

अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलचा ड्राफ्ट 1936पासून चालू आहे. पहिल्या वर्षी सगळ्यांत आधी निवडला गेलेला जे बर्वँगर व्यावसायिक सामना एकही खेळला नाही. 2000 साली टॉम ब्रेडी 199वा निवडला गेला आणि पुढे त्याने सात वेळा विजेतेपद मिळवलं. 2025मध्ये शेडूर सँडर्स पहिल्याच फेरीत जाईल असं जाणकार महिनोन्‌महिने सांगत होते, तो गेला पाचव्या फेरीत, 144वा.

तिथे निवडीआधी खेळाडूची धाव, उडी, उंची, हाताच्या पंजाची लांबी, सगळं मोजतात. इतकं मोजूनही अंदाज असे चुकतात. मग आपल्याकडे एका सकाळी, पंधरा मिनिटांच्या सामन्यात एखाद्या मुलाचा निकाल लावणाऱ्यांना इतका आत्मविश्वास कुठून येतो?

●

आमचं मैदान मुरमाचं आहे. रेल्वे कॉलनीकडची पोरं, गावातली पोरं, आसपासच्या खेड्यांतून शाळेला येणारी पोरं, सगळी इथेच खेळतात. उन्हाळ्यात मैदान तापून कडक होतं. पावसाळ्यात तीच माती बुटाला धरून बसते. निम्म्यांकडे स्टड नाहीत. ज्यांच्याकडे आहेत ते थोरल्या भावाचे, पुढे कापूस कोंबलेले.

मुरमावर चेंडू गुडघ्याएवढा उसळतो. म्हणून आमच्या पोरांचा पहिला टच फार चांगला असतो. छातीवर, मांडीवर, कुठेही ते चेंडू जागीच थांबवतात. पण इथे कोणी घसरून टॅकल करत नाही. एकदा केलं की मांडीपासून पोटरीपर्यंत कातडं निघतं आणि आठवडाभर घरच्यांची बोलणी खावी लागतात. त्यामुळे आमचा बॅक पायांवर उभा राहूनच अडवायला शिकतो. वाट दाबतो, थांबतो, समोरच्याची चूक होऊ देतो.

हाच मुलगा रात्रभर जनरलच्या डब्यातून निवड चाचणीसाठी पुण्याला जातो आणि सकाळी पहिल्यांदा हिरव्या टर्फवर उतरतो. चेंडू जमिनीला चिकटून दुप्पट वेगाने येतो. त्याचा टच दोनदा सुटतो. शेजारचा मुलगा बिनधास्त घसरून चेंडू काढतो आणि बाहेरून टाळ्या पडतात. वहीत शेजाऱ्याच्या नावापुढे खूण होते. आमच्याच्या नावापुढे लिहिलं जातं, ‘बचावात आक्रमक नाही’. असं झालेलं मी बघितलं आहे, आणि त्याचा मला अजून राग येतो. निवडणाऱ्यांनी मुलगा कोणत्या मैदानावर वाढला एवढं एक विचारलं असतं, तर त्याच खेळाला त्यांनी संयम म्हटलं असतं. खेळाडूने तीन दिवस टर्फवर सराव केल्यावर चाचणी घ्या, एवढीच माझी मागणी आहे.

●

राहुल भेके मुंबईचा. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, केरळ, पुणे असा फिरत राहिला. 2017मध्ये बेंगळुरूने त्याला ड्राफ्टमधून घेतलं, तेव्हा वर्तमानपत्रांचे मथळे अनससारख्यांवर होते. 17 मार्च 2019 रोजी अंधेरीच्या मैदानावर लीगचा अंतिम सामना गोव्याविरुद्ध जादा वेळेत गेला आणि 117व्या मिनिटाला कॉर्नरवर भेकेने हेडर मारला. बेंगळुरूचं या लीगमधलं पहिलं विजेतेपद या बॅकच्या डोक्याने आलं, तेही त्याच्याच शहरात. मग 2022च्या एप्रिलमध्ये मुंबई सिटीने आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 हरवलं. या स्पर्धेत भारतीय क्लबचा हा पहिला विजय. विजयी गोल पुन्हा भेकेचा, पुन्हा डोक्याने.

बॅकचा भाव नेहमी उशिरा चढतो. आमच्या पोरांना फॉरवर्डच व्हायचं असतं, त्यांना मी भेकेचे हे दोन गोल दाखवतो.

●

ज्यांचा भाव स्वतःच्या चुकीशिवाय पडला त्यांची यादी कोणी केलेली नाही. महिंद्रा युनायटेड 2010मध्ये बंद. पुणे एफसी आणि भारत एफसी 2015च्या सुमारास गेले. मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजीयन्स 2017नंतर दिसले नाहीत. एफसी पुणे सिटी 2019मध्ये संपली आणि तिच्या जागी हैदराबादचा संघ आला. एका दशकात महाराष्ट्रातल्या इतक्या दारांना कुलूप लागलं. त्या प्रत्येक संघात अठरा-वीस वर्षांची मुलं होती, जी कालपर्यंत ‘होतकरू’ होती. गुडघा शाबूत, दम शाबूत, फक्त मालकाने हिशेब बंद केला. यातली किती मुलं आज पोलीस भरतीच्या रांगेत उभी असतील!

●

एक जूनबद्दल लिहायलाच हवं. परभणी जिल्ह्यात कुठल्याही शाळेचा जुना पट उघडा, एक जून ही जन्मतारीख सापडेल, आणि अनेकदा सापडेल. आईला तिथी आठवते, पोळ्याच्या आसपास वगैरे सांगता येतं, पण कागद नसतो. मग गुरुजी प्रवेशाच्या दिवशी वय बसेल अशी तारीख टाकतात. कोणाचाही हेतू वाईट नसतो.

फुटबॉलमध्ये मात्र तेरा, चौदा, सतरा वर्षांखालील असे गट काटेकोर असतात. वयाच्या पडताळणीसाठी मनगटाचा एक्स-रे काढून हाडांची वाढ तपासतात. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात त्यासाठी एमआरआय होतो. मोंढ्यात सोयाबीनच्या ढिगात ओलावा मोजायचं यंत्र खुपसलं की जसा दर एका आकड्यावर खाली येतो, तसं आमच्या पोराचं होतं. खेळ कसाही असो, हाड मोठं निघालं की मुलगा बाद, वर खोटारडा हा शिक्का. त्या बापाला मी काय सांगू? तारीख त्याने लिहिलेलीच नसते.

दुसऱ्या गंमतीबद्दल कोणी बोलत नाही. बहुतेक गटांची सीमा एक जानेवारी असते. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात. चौदाव्या वर्षी अकरा महिन्यांत मुलगा झपाट्याने वाढतो. निवड होते ती थोराड मुलांची. डिसेंबरातलं बारीक लेकरू कदाचित दुपटीने हुशार असतं, पण दुसऱ्यांदा त्याच्याकडे कोणी बघत नाही.

●

पूर्णा हे जंक्शन. मनमाड–सिकंदराबादची वाट इथून जाते आणि अकोल्याकडची इथून फुटते. 1948पर्यंत हा निजामाचा मुलूख होता आणि त्या हैदराबादचं फुटबॉल म्हणजे देशाचं फुटबॉल होतं. हैदराबाद सिटी पोलिसांनी 1950पासून सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स चषक नेला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्याच हाताखाली भारत 1956च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि 1962मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत त्याने सुवर्णपदक जिंकलं.

आणि रेल्वे! पी. के. बॅनर्जी जवळजवळ सगळी कारकीर्द ईस्टर्न रेल्वेकडून खेळले. कोलकात्यात मोहन बागान, ईस्ट बंगाल असताना 1958ची लीग ईस्टर्न रेल्वेने जिंकली. रेल्वेच्या संघाने संतोष करंडक तीन वेळा मिळवला. नोकरी देऊन खेळाडू सांभाळणं हा या देशातला सगळ्यांत जुना ड्राफ्ट. आमच्या कॉलनीतल्या घरांना तो अजून कळतो. आई विचारते, “सर, यातून कोट्यात नोकरी लागंल का?” मी तिला रेल्वेची खेळाडू भरती समजावतो, राज्य सरकारच्या नोकऱ्यांतलं पाच टक्के आरक्षण समजावतो, आणि कोणत्या पातळीवरचं प्रमाणपत्र चालतं तेही सांगतो. लीगच्या कोटींपेक्षा हा प्रश्न मला खरा वाटतो.

●

भाव कसा चढतो-उतरतो ते बघायचं तर कबड्डीतला सिद्धार्थ देसाई घ्या, चंदगड तालुक्यातला. 2018मध्ये 36 लाख 40 हजारांना यू मुंबाने घेतला, पहिल्याच हंगामात गाजला, 2019मध्ये तेलुगू टायटन्सकडे 1 कोटी 45 लाखांना गेला. मग खांदा दुखावला आणि 2022मध्ये तो 20 लाखांत मिळत होता. पुढच्याच वर्षी हरियाणाने पुन्हा एक कोटी दिले. खांदा एकच, माणूस तोच. मोठ्या पोरांना मी हे आकडे फळ्यावर लिहून दाखवले, तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. दुखापत लपवून खेळणारा आमचा विंगर त्यानंतर स्वतःहून घोटा दाखवायला आला.

●

कोल्हापूरचा हेवा वाटतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ भिडले की अख्खं शहर तालमींप्रमाणे वाटलं जातं. तिथल्या पोराला पेठेतली माणसं लहानपणापासून ओळखतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, मग जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा असा लीगमध्ये टिकला. परभणी जिल्ह्यात गुण कमी आहेत असं मी मानत नाही. इथे सामने कमी आहेत. वर्षाला चार सामने खेळणाऱ्याचा भाव चढणार कुठे आणि उतरणार कुठे?

●

सरकारी योजनांकडे मी आशेनेच बघतो. 2023मध्ये बायर्न म्युनिकच्या नावाने चौदा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा जिल्ह्यापासून राज्यापर्यंत झाली आणि वीस मुलं जर्मनीला गेली. डिसेंबर 2025मध्ये मेस्सी वानखेडेवर आला, तेव्हा ‘महादेवा’ योजनेतली तेरा वर्षांखालची मुलं-मुली त्याच्यासमोर उभी राहिली. त्यात मुलींना मुलांइतकीच जागा आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडची सगळ्यांत शांत डोक्याची स्टॉपर मुलगीच आहे. ती ओरडत नाही, हात दाखवते, आणि तिच्यासमोरची तीन पोरं जागेवर येतात.

माझं म्हणणं एवढंच, की न निवडलेल्यांचं काय झालं हेही लिहून ठेवा आणि दुसऱ्या वर्षी त्यांना पुन्हा बोलवा. तेराव्या वर्षी नाकारलेलं मूल चौदाव्या वर्षी वेगळंच असतं.

●

म्हणून मी रजिस्टर सुरू केलं आहे. प्रत्येकाची उंची आणि वजन दर महिन्याला. कोणत्या जागेवर खेळला, किती मिनिटं, कोणता पाय चालतो, दुखणं काय. गोल मी शेवटच्या रकान्यात ठेवले आहेत. मोबाईलवर सामन्याचं चित्रण होतं, त्यात एका मुलाचा पाठलाग न करता पूर्ण मैदान दिसेल असं उभं राहायला दोघांना शिकवलं आहे. उद्या कोणी विचारलंच, तर दोन वर्षांची नोंद हातात असावी.

पहिला रकाना जन्मतारखेचा. त्यासाठी शाळेचा दाखला मी धरत नाही. नगर परिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला हवा. ज्यांच्याकडे नाही त्यांच्या पालकांना येत्या रविवारी मैदानावरच बोलावलं आहे. अर्ज मी भरून ठेवलेत, त्यांनी फक्त आधार कार्ड आणि दवाखान्याचा जुना कागद असेल तर तो आणायचा.