दादा, एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही

ती. दादा,


परवा फोनवर तू म्हणालास, “एक्स-रे नॉर्मल आलाय, हाड शाबूत आहे, आता पोरीला मॅटवर कधी उतरवू?” गाडीच्या गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. शाळा सुटल्यावर पदरमोड करून मुलींना कबड्डी शिकवणारे तुझ्यासारखे मास्तर जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. हे पत्र त्यांनाही दाखव.

एक्स-रेत हाड दिसतं. लिगामेंट दिसत नाही, हाडांमधली गादी दिसत नाही. तू सांगितलेली हकीकत मात्र पुष्कळ बोलते. पकड करताना पाय रोवलेला, अंग वळलं, आतून ‘कट्’ झालं, पोरगी तिथेच बसली आणि घरी पोचेपर्यंत गुडघा टम्म. तासा-दोन तासांत अशी सूज आली तर सांध्यात बहुधा रक्त उतरलेलं असतं, आणि खेळाडूंमध्ये त्याचं नेहमीचं कारण म्हणजे एसीएल हे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट तुटणं. सूज दुसऱ्या दिवशी सावकाश आली असती, गुडघा मध्येच अडकत असता, तर मी आधी गादीचा विचार केला असता.

इतकं फोनवर कळतं. पुढचं हातानंच करावं लागतं. फिजिओथेरपिस्ट आधी चांगला गुडघा तपासतो आणि मग दुखरा, कारण काही पोरींचे सांधे मुळातच सैल असतात. गुडघा वीस-तीस अंश वाकवायचा, एका हातानं मांडी घट्ट धरायची, दुसऱ्यानं नडगी पुढे ओढायची. ही लॅकमन चाचणी. लिगामेंट शाबूत असेल तर ताणलेल्या दाव्यासारखी नडगी टक्कन थांबते; तुटलं असेल तर सरकत राहते आणि शेवटी हाताला मऊ लागतं. पण पहिल्या दिवशी दुखण्यानं मांडीमागचे स्नायू इतके आवळलेले असतात की ही चाचणी फसते. म्हणून जाणता फिजिओ आठ-दहा दिवसांनी पुन्हा बोलावतो. माझ्या मते पहिल्या तपासणीपेक्षा ही दुसरीच मोलाची, आणि आपल्याकडे नेमकी तीच होत नाही. सूज उतरली, पोरगी चालायला लागली, की घरचे आणि मास्तर दोघेही विसरतात. मग कधीतरी वळताना गुडघा निसटतो आणि तोवर धड असलेली गादीही फाटते.

एक्स-रे काढलास ते चुकलं असं नाही. तो कुणाचा काढायचा याचे नियम कॅनडातल्या ओटावा इथे 1990 च्या दशकात बसवले गेले, आणि ते तुलाही पाठ करता येतील. चार पावलंही टाकता येत नसतील, गुडघा काटकोनापर्यंत वाकत नसेल, नुसत्या वाटीवर किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या बारीक हाडाच्या डोक्यावर दाबल्यावर दुखत असेल, किंवा वय 55 किंवा त्याहून जास्त असेल, तर एक्स-रे. आणि गुडघा जागेवरून सरकल्यासारखा दिसला, पाऊल गार किंवा बधिर पडलं, तर फिजिओकडेही थांबायचं नाही, थेट मोठं रुग्णालय गाठायचं.

आई लावायची तो आंबेहळदीचा लेप गरम न करता लावलास तरी माझी हरकत नाही. चोळून मात्र घेऊ नकोस, आणि पाय ओढून ‘बसवून’ देणाऱ्याच्या दारात तर उभाही राहू नकोस.

गुडघा सुजला की मांडीचा पुढचा स्नायू मेंदूचं ऐकेनासा होतो आणि बघता बघता मांडी बारीक दिसायला लागते. त्यात घरचे मायेनं गुडघ्याखाली उशी देतात. बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकडाच राहतो आणि पुढे सरळ करायला महिने जातात. उशी काढ, टाचेखाली टॉवेलची घडी दे. मोडतोड नाही असं तपासून झालं की मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, दिवसातून अनेकदा. लंगडत चालू देऊ नकोस, कुबडी दे. फिजिओ म्हणजे ऑपरेशननंतर मशीन लावणारा माणूस, हा समज तू तरी सोड. त्याचं खरं काम या पहिल्या दिवसांतलं आहे.

ऑपरेशनचं विचारशील. स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या 121 तरुणांचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. काहींचं ऑपरेशन लगेच केलं. बाकीच्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत म्हणावा असा फरक नव्हता. दुसऱ्या गटातल्या सुमारे निम्म्यांना पाच वर्षांत ऑपरेशन लागलं, निम्म्यांना नाही. कबड्डी हा पाय रोवून वळण्याचा खेळ आहे, तिला कदाचित लागेलही. ते अस्थितज्ज्ञ बघून ठरवतील. पण सूज उतरलेला, पूर्ण सरळ होणारा गुडघा घेऊन त्यांच्याकडे गेलेलं केव्हाही बरं. लिगामेंट नवं बसवलं तर किमान नऊ महिने मैदान नाही, आणि दुखऱ्या मांडीची ताकद दुसरीच्या निदान नव्वद टक्के भरल्याशिवाय त्यानंतरही नाही. जिल्हा स्पर्धेचा विचार आत्ताच सोड.

तालुक्याला फिजिओ शोधताना पदवी आणि कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचार. माझ्या वेळी साडेचार वर्षं लागायची ही पदवी मिळवायला. दोन आठवड्यांचा कोर्स करून तीच पाटी लावणारेही बाजारात आहेत.

आणि यंदा जत्रेतल्या स्पर्धेसाठी समितीची बैठक होईल तेव्हा एवढा एक विषय ठेव: बक्षिसांच्या रकमेतून एका नोंदणीकृत फिजिओची दोन दिवसांची फी बाजूला काढायची. चषक वीतभर लहान आणला तरी चालेल.

तुझी,
धाकटी