रकाना नसलेले नुकसान

माळीण. तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे. ३० जुलै २०१४ला सकाळी एसटी नेहमीसारखी आली आणि चालकाला गावच दिसेना. डोंगर खाली आला होता. १५१ माणसे गेली. त्याच नावाचे गाव आता दुसऱ्या जागी आहे.

माळवद. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकूड, त्यावर मातीचा जाड थर. भर उन्हाळ्यात आत गारवा. वर वाळवणे, संध्याकाळच्या गप्पा, रात्रीची झोप. भूकंपात हेच छत अंगावर आले. मृतांचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला. पुनर्वसनात गावेच्या गावे सिमेंटच्या सरळ ओळींत जाऊन बसली. माळवद गेले म्हणून हळहळावे असे तोंड नाही. तरी गमावलेल्या गोष्टींच्या या यादीत घेतो.

ओक. आइसलंडमधली हिमनदी. ती आता हिमनदी उरली नाही, असे २०१४मध्ये ठरले. २०१९मध्ये तिथे स्मृतिफलक लावला.

देर्ना, लिबिया. ११ सप्टेंबर २०२३. डॅनियल वादळाचा पाऊस झाला, वरची दोन धरणे फुटली आणि शहराच्या मधल्या वस्त्या समुद्रात गेल्या. माणसे हजारोंनी मेली. ही धरणे धोक्याची आहेत, असे एका अभ्यासकाने आदल्याच वर्षी छापून सांगितले होते.

लहायनाचा वड, हवाई. खरे तर याला इथे जागा नाही, कारण तो वाचला. भारतातून नेलेले हे रोप १८७३मध्ये लावले. ८ ऑगस्ट २०२३च्या वणव्यात गाव जळाले, १०२ माणसे गेली. होरपळलेल्या वडाला पुढच्याच महिन्यात पालवी फुटली. सावलीत बसणाऱ्यांची घरे उरली नव्हती.

जागतिक हवामान संघटनेचा हिशेब असा: १९७० ते २०२१, हवामान आणि पाण्याशी निगडित ११,७७८ आपत्ती, वीस लाखांहून अधिक मृत्यू, ४.३ लाख कोटी डॉलरचे नुकसान. इशारे वेळेवर पोचू लागले तसे मृत्यू घटले, नुकसान वाढतच गेले. रकाने दोनच, माणसे आणि पैसे. पार, पाणवठा, शेजार कुठे लिहायचा?

ब्लाटेन, स्वित्झर्लंड. डोंगरावर नजर होती. कडा हलू लागल्याचे कळताच सुमारे तीनशे रहिवासी हलवले, गुरेही. एक जखमी गाय हेलिकॉप्टरने नेली. नऊ दिवसांनी, २८ मे २०२५ला बर्च हिमनदी कोसळली आणि जवळजवळ अख्खे गाव गाडले गेले. मृत्यू एक.

इर्शाळवाडी, तालुका खालापूर. १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसे बेपत्ता ठरवून चौथ्या दिवशी शोध थांबवला. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नावच नव्हते.