नाव ठेवणे

मराठीत बाळाचे नाव ठेवतात आणि माणसाला नावे ठेवतात. क्रियापद एकच, एका मात्रेने मायेची निंदा होते. सातारा जिल्ह्यात मुलाची आस धरलेल्या काही घरांत तर एवढेही अंतर उरले नव्हते. तेथे मुलींची नावेच ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी ठेवली गेली. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात अशा २८० हून अधिक मुलींचे समारंभपूर्वक पुन्हा नामकरण झाले. नव्या नावाची प्रमाणपत्रे हाती आली.

परंतु कागदावरचे नाव अंगी लागायचे तर कोणीतरी त्या नावाने हाक मारावी लागते, आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षी ती हाक मैत्रिणींच्या स्वाधीन असते. त्या वयाची जीभ तिखट. (तिखटपणा बहुधा थोरांकडूनच उसना आणलेला.) ‘गोड बोला’ हे संक्रांतीला सारेच सांगतात, दुसऱ्या दिवशी बाकावर ‘काळी’, ‘जाडी’ चालूच असते. शिकवायचे ते याहून बारीक आहे: जुने नाव ओठांवर आले की क्षणभर थांबायचे, भांडणातसुद्धा. हाती आयते आलेले हत्यार खाली ठेवणे सोपे नव्हे. संतापलेली मुलगी ‘ए, न...’ म्हणून अडखळते, आवंढा गिळते, आणि मग नव्या नावाने कडाकडा भांडू लागते.