त्या वाटेने गेलेला माणूस

आजाऱ्याच्या इयादतीला जाणे ही आपल्या घरांतली जुनी रीत. कुणी दवाखान्यात आहे असे कळले की डबा निघतो, फळे निघतात, दुआ होते. अब्बांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, तेव्हा मिरजेतल्या आमच्या घरी पंधरा दिवस पाहुण्यांची रीघ होती. त्या सगळ्यांचे आमच्यावर उपकार आहेत. पण त्या रीघेत एक पाहुणा असा आला की त्याच्या येण्याने अब्बा उठून बसले. त्या पाहुण्यापाशी असे काय होते, ते वाचकांपुढे ठेवावे असे आम्हा घरच्यांना वाटते. कारण साखरेचा आजार आज घरोघर आहे, आणि ही वेळ कुणावरही येऊ शकते.

अब्बा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. अठरा वर्षांचा मधुमेह. या आजारात पायाच्या नसा बधिर होतात आणि रक्ताचा पुरवठा कमी होतो. तळव्यात खिळा गेला तो त्यांना कळलाच नाही. जखम चिघळली, काळी पडली, आणि जीव वाचवायचा तर पाय काढावा लागेल असे डॉक्टरांनी सांगितले. ऑपरेशन चांगले झाले, टाके सुकत आले. पण अब्बा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवण दोन घास. जुम्म्याला रिक्षा दारात आणली तरी नाही म्हणाले. "आता मला चार खांद्यांवरच बाहेर न्या," हे त्यांचे शब्द ऐकून अम्मी स्वयंपाकघरात जाऊन रडली.

काळजी नुसत्या मनाची नव्हती. गुडघा वाकवून सतत पडून राहिले तर तो तसाच आखडतो, आणि आखडलेल्या गुडघ्याला कृत्रिम पाय नीट बसत नाही. म्हणजे अब्बा जितके दिवस रुसून पडणार, तितके त्यांचे चालणे हातचे जाणार होते.

येणारे लोक सब्र सांगत. हजरत उर्वा इब्न जुबैर यांचा पाय कापला गेला तरी त्यांच्या तोंडी तक्रार आली नाही, ही हकिकत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. अब्बा आदराने ऐकत. एका रात्री मात्र म्हणाले, "त्यांचा सब्र फार मोठा, आपण त्यांच्या पायाची धूळ. पण रात्री लघवीला उठताना मी पाय आहे असे समजून तो खाली टेकवायला जातो आणि पडतो. त्याचे काय करायचे, ते कुणी सांगेल का?"

आम्हांपैकी कुणाजवळ याचे उत्तर नव्हते. प्रेमात काही कमी नव्हते, पण त्या वाटेने आम्ही कुणी चाललो नव्हतो.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी हे ओळखले. म्हणाल्या, "उद्या एकांना पाठवते." दुसऱ्या दिवशी सायकल दुरुस्तीचे दुकान असलेले एक अण्णा आले. रेल्वेच्या अपघातात बावीस वर्षांपूर्वी त्यांचा पाय गेलेला. ते खाटेवर बसले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, कृत्रिम पाय काढला आणि सरळ अब्बांच्या हातात दिला. "चाचा, तुम्ही मेकॅनिक. बघा जरा, कसा बनवलाय."

अब्बांनी तो उलटापालटा करून पाहिला. घोट्याजवळचे रबर दाबले. आतल्या बाजूला बोट फिरवले. किती दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत काही जाणून घ्यायची इच्छा दिसली. मग अण्णांनी हळूच विचारले, "गेलेल्या पायाची बोटे खाजतात का हो?"

अब्बा त्यांच्याकडे बघतच राहिले. नसलेला पाय खाजतो, दुखतो, पिरगाळल्यासारखा होतो, हे त्यांनी आम्हांला सांगितलेच नव्हते. आपले डोके फिरत चालले आहे असे त्यांना वाटत होते. अण्णा हसून म्हणाले, "माझी अजून कधीकधी खाजतात. वेड नाही ते, चाचा." पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा जात नाही, म्हणून असे होते. भारतात जन्मलेले मेंदुशास्त्रज्ञ डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात या दुखण्यावर आरशाचा उपाय सुचवला. शाबूत हाताचे किंवा पायाचे प्रतिबिंब गेलेल्या अवयवाच्या जागी दिसेल असा आरसा ठेवायचा आणि हालचाल करायची. सगळ्यांनाच गुण येतो असे नाही, पण काहींना आराम पडतो.

मग अण्णांनी एकेक गोष्ट सांगितली. गुडघ्याखाली उशी घेऊ नका, बरे वाटते पण गुडघा आखडतो. दिवसातून थोडा वेळ पालथे झोपा. क्रेप बँडेज खालून वर बांधत या, म्हणजे सूज उतरून पायाला आकार येतो. रात्री खाटेला लागून खुर्ची उभी ठेवा, अंधारात हात आधी तिच्यावर पडेल. पाय मिळाल्यावर सुती मोजा रोज धुवा, आणि झोपताना आरसा धरून कातडी तपासा. लाल दिसली तर पाय घालायचा नाही, डॉक्टरांकडे जायचे. यातले बरेचसे दवाखान्याच्या कागदावर छापलेले होते. कागद कपाटात होता. अण्णांच्या तोंडून आले तेव्हा ते अब्बांच्या मनात उतरले. त्या रात्री खुर्ची खाटेला लागली.

शाळेत हे आम्ही रोज पाहतो. उर्दू माध्यमातल्या मुलांना मराठीतला 'ळ' जड जातो, 'बाळ'चे 'बाल' होते. आम्ही फळ्याजवळ उभे राहून दहा वेळा म्हणून दाखवतो. पण गेल्या महिन्यात स्वतः 'बाल' म्हणणारे एखादे पोर शेजाऱ्याला सांगते, "जीभ अशी मागे वळव." आणि शेजाऱ्याला येते. आम्हांला 'ळ' येतो, पण तो कुठे अडतो ते त्या पोराला ताजे आठवत असते.

ही गोष्ट जगाने पूर्वीच ओळखली आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या सुमारे ४१ हजार सैनिकांनी हात किंवा पाय गमावला. अशा माजी सैनिकांनी एकमेकांच्या आधारासाठी उभी केलेली 'ब्लेस्मा' ही संघटना १९३२ साली देशपातळीवर आली आणि आजही काम करते. अमेरिकेत १९८६ साली स्थापन झालेली 'अँप्युटी कोअ‍ॅलिशन' ही संस्था अवयव गमावलेल्या माणसांनाच प्रशिक्षण देऊन नव्या रुग्णांच्या भेटीला पाठवते. म्हणजे इयादतच, पण ती कशी करावी याचे रीतसर शिक्षण घेऊन.

आपल्या देशात हे काम कार्यशाळेच्या ओसरीवर आपोआप होत आले. जयपूरमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 'जयपूर फूट' घडवला. खुर्ची-बुटाच्या देशांतला पाय आपल्याकडे चालत नव्हता. आपल्याला मांडी घालायची असते, उकिडवे बसायचे असते, अनवाणी चालायचे असते. हा रबराचा पाय त्यासाठीच होता. १९७५ साली डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो मोफत बसवते. अशा ठिकाणी आणि गावोगावच्या शिबिरांत नवा माणूस जुन्याला चालताना पाहतो, आणि निम्मी भीती तिथेच जाते.

अब्बांनाही असाच पाय एका शिबिरात मिळाला. नमाजचा प्रश्न मनात होता. अण्णांना त्यातले काय सांगता येणार! मशिदीतले मौलाना घरी आले. त्यांनी हजरत अर्फजा (रजि.) यांची हदीस सांगितली. लढाईत त्यांचे नाक गेले होते. चांदीचे बसवले तर दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा सोन्याचे बसवून घ्या असे खुद्द नबी (स.) यांनी फर्मावले. मौलाना म्हणाले, "अवयव बनवून घेण्यात लाज कसली? आणि तुमचा घोटाच उरला नाही, तर वजूत त्या पायाचे धुणेही उरले नाही." सुरुवातीला अब्बा खुर्चीवर नमाज पढत. हळूहळू ते सफेत उभे राहू लागले.

पुढची गोष्ट आम्हांला सर्वांत मोठी वाटते. त्याच बाईंनी एक दिवस अब्बांना विचारले, "एका रिक्षावाल्याचा पाय गेलाय, वय तीस. याल का?" अब्बा इस्त्रीचा कुर्ता घालून गेले. परतल्यावर ताटावर बसून त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. ज्याला आपण ओझे झालो असे वाटत होते, त्याची कुणाला तरी गरज पडली. सब्राच्या शंभर उपदेशांनी झाले नव्हते ते या एका बोलावण्याने झाले. त्या तरुणाला दिव्यांगांसाठीचे यूडीआयडी कार्ड काढायला अब्बाच घेऊन गेले.

असे जाणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. औषध सांगू नये, ते काम डॉक्टरांचे. आपल्या दुःखाची दुसऱ्याच्या दुःखाशी तुलना करू नये. समोरचा गप्प असेल तर आपणही गप्प बसावे. शक्यतो गुडघ्याखाली पाय गेलेल्याकडे तसाच माणूस जावा, हात गेलेल्याकडे हात गेलेला. आणि बाईकडे बाईच जावी. साडी किंवा सलवार कशी बदलायची, लेकराला कडेवर कसे घ्यायचे, नवऱ्यासमोर उघडा पाय कसा न्यायचा, हे ती कुणा चाचांना विचारणार नाही. आपल्या घरांतल्या अशा बहिणी बहुधा पडद्याआडच राहतात. त्यांच्यापर्यंत कुणी तरी पोचले पाहिजे.

वाचक बंधूभगिनींना आमची एवढीच विनंती. घरात कुणावर ही वेळ आली, तर डॉक्टरांना किंवा व्यायाम शिकवणाऱ्यांना विचारा, "असाच पाय गेलेला कुणी आहे का, जो दहा मिनिटे येऊन बसेल?" जमले तर ऑपरेशनच्या आधीच विचारा. आणि तुम्ही स्वतः त्या वाटेने गेलेले असाल, तर आपले नाव आणि नंबर ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरजवळ ठेवा, मोहल्ल्याच्या इमामसाहेबांजवळ ठेवा. फळांची पिशवी नेली नाही तरी चालेल. तुमचे चालत जाणेच त्या माणसाला पुरेल.