जुनी रायफल बघून आलो

भुईमुगात रानडुकरं घुसतात म्हणून काल एका लायसनवाल्याकडं विकायची जुनी ३१५ बोअरची बोल्ट रायफल बघून आलो. बंगालातल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली. लाकूड तेल लावून चकचकीत केलेलं. पण बैल घेताना आपण झूल बघत नाही, दात बघतो. रिकामी असल्याची खात्री केली, बोल्ट काढला आणि मागनं नळीतून उजेडाकडं बघितलं. पुढच्या खाचा स्वच्छ, पण काडतूस बसतं तिथनं पुढं गंजाचे काळे खड्डे. मग नंबर बघितले. बोल्टच्या दांड्यावर एक, बॉडीवर दुसराच! म्हणजे बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा. तो काडतुसाच्या बुडाला नीट टेकला नाही तर काडतूस फुटून गॅस तोंडावर येतो.

मालक म्हणाले, "अहो, वडलांच्या वेळेपासून चालतीय."

चालत असंल. मी हात जोडले.

शिवाय तिची गोळी किलोमीटरच्या पुढं जाते, आणि आमच्या बांधापलीकडं वस्ती हाय. हे घरनं निघतानाच सुचायला पायजे होतं. डुकराला वनखात्याची परवानगी लागते ती वेगळीच.

आज रात्री परत राखणीला. बॅटरी आणि वाजवायला पत्र्याचा डबा.